शेवटच्या युनिटचा दर: गॅस, इंडक्शन, गिझर आणि गच्चीवरची वीज

हिशेबनीस (धागालेखक)

"सिलिंडर महागला, इंडक्शन घ्यावं का?" हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या धाग्यात येतो आणि "घ्या हो, स्वस्त पडतं" या उत्तरावर मिटतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांसाठी हे उत्तर चूक आहे. का ते आकड्यांत मांडतो, चूक दिसली तर दुरुस्त करा.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस. किलोमागे उष्णता साधारण १२.७ युनिट (विजेच्या मीटरवरचाच युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास), म्हणजे भरलेल्या टाकीत १८० युनिट. शेगडीवर यातली फार तर ६० टक्के भांड्यात जाते, बाकी ओटा आणि स्वयंपाकघर तापवते. हाती आले १०८ युनिट. इंडक्शन ८५ टक्के उष्णता भांड्यात घालतं, म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला मीटरवर १२७ युनिट पडतील. एक टाकी = १२७ युनिट, एवढं लक्षात ठेवा.

आता दर. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढल्यावर मुंबईत टाकी ८५२.५० ला होती. भागिले १२७, आले ६ रुपये ७१ पैसे. वीज यापेक्षा स्वस्त पडत असेल तर इंडक्शन, महाग पडत असेल तर गॅस.

वीज कितीला पडते, इथे सगळे घसरतात. बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढतात. तो इथे निरुपयोगी. इंडक्शन घेतल्यावर जे युनिट वाढतील ते तुमच्या वापराच्या वरच्या टोकाला वाढतील, त्यामुळे शेवटच्या युनिटचा दर बघायचा. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर, ऊर्जा आकार आणि १.१७ वहन आकार मिळून:

१ ते १०० युनिट: ५.८८
१०१ ते ३००: ११.४६
३०१ ते ५००: १५.७२
५०० च्या वर: १७.८१

यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे खिशातून जातात अनुक्रमे ६.८२, १३.२९, १८.२४ आणि २०.६६. इंधन समायोजन आकार लागला तर आणखी वेगळा. दर त्यानंतर बदलले आहेत, तेव्हा स्वतःच्या बिलामागचे घाला. रीत बदलत नाही.

महिन्याला २४० युनिट वापरणारं घर घ्या. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला की ३६७. वाढलेल्या १२७ पैकी ६० युनिट १३.२९ ने, ६७ युनिट १८.२४ ने. झाले २०१९ रुपये. ८५२ ची टाकी वाचवायला २०१९ ची वीज!

---

शंकासुर

वाचनखूण साठवली. पण एक मूलभूत शंका. ३०० ओलांडून ३०१ झालं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो ना? आमच्याकडे महिनाअखेरीला यावरून इस्त्री बंद असते.

---

हिशेबनीस

नाही. पायरी चढली तरी खालचे युनिट खालच्याच दराने. ३०१ वा एकटा युनिट १८.२४ चा, पहिले १०० अजून ६.८२ चेच. इस्त्री खुशाल करा.

एक मात्र तपासत जा. पायरी महिन्याच्या दिवसांवर मोजतात. रीडिंग न घेता सरासरी बिल आलं आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे युनिट एकदम आले, तर पायऱ्याही दोन महिन्यांच्या मिळायला हव्यात: पहिले २०० युनिट खालच्या दराने, पुढचे ४०० दुसऱ्या. बिलावर "मागील रीडिंग" आणि "चालू रीडिंग" यांच्या तारखा असतात, मधले दिवस मोजा आणि पायऱ्यांचा लाभ मिळालाय का बघा. मिळाला नसेल तर दोन्ही बिलं आणि मीटरचा त्या दिवशीचा फोटो जोडून लेखी तक्रार द्यायची. फोनवरच्या तक्रारीचा पुढे पुरावा राहत नाही.

बारीकसारीक सवलतीही घ्या: बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर १ टक्का, ऑनलाइन भरल्याचे ०.२५ टक्के, कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर १० रुपये.

---

ओटा

हिशेबनीस, शेगडीला ६० टक्के देऊन तुम्ही तिची बाजू घेतलीत. भारतीय मानकात किमान ६८ टक्के मागितलेत ते नव्या शेगडीला, प्रयोगशाळेत, ठरलेल्या भांड्यावर. चार वर्षं साफ न केलेली शेगडी, वर छोटं पातेलं आणि बाजूने बाहेर येणारी ज्योत, असं असेल तर ५० सुद्धा गाठत नाही. ५० धरलं तर एका टाकीला १०६ युनिट आणि बरोबरीचा दर ८.०४ येतो. तरी १३.२९ च्या पायरीवर गॅसच जिंकतो, हे मान्य.

म्हणून नवीन उपकरणाआधी आहे ती शेगडी दुरुस्त करा. फुकटातलं काम आहे.

ज्योत निळी, आतला शंकू टोकदार हवा. पिवळी आणि भांड्याला काजळी म्हणजे हवा कमी पडतेय. बर्नरच्या छिद्रांवरून ज्योत उडतेय, फुरफुरतेय म्हणजे हवा जास्त. कारणं वारंवारितेच्या क्रमाने सांगतो:

पहिलं, पितळी बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेलं दूध आणि पेज. बर्नर गार झाल्यावर काढा, गरम पाण्यात सोडा किंवा चिंचेचा कोळ घालून अर्धा तास ठेवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा, छिद्रं सुईने मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बर्नर दोन दिवस पिवळाच जळतो आणि मग लोक म्हणतात धुतल्याने बिघडला.

दुसरं, बर्नरखालची मिश्रणनळी. शेगडीच्या पोटात जाणारी ही नळी कोणी बघत नाही. आत कोळ्याचं जाळं किंवा झुरळाची अंडी असतात. बाटली धुवायच्या बारीक ब्रशने साफ होते.

तिसरं, जेट. बोंडासारखा पितळी तुकडा, मधे केसाएवढं छिद्र. यात सुई घालू नका. छिद्र किंचित जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा तीच राहते, ज्योत मोठी आणि पिवळी होते आणि टाकी आठवडाभर आधी संपते. गल्लीतले काही दुरुस्तीवाले "ज्योत वाढवून देतो" म्हणून नेमकं हेच करतात. जेट बुजलं असेल तर फुंकून बघा, नाही निघालं तर बदला, किरकोळ किमतीत मिळतं.

चौथं, बर्नरवरची जाळी. तुटली म्हणून उंच पायांची बसवली तर भांडं ज्योतीच्या टोकापासून दूर जातं आणि गॅस वाया जातो. मूळ मापाचीच घ्या.

नळीबद्दल: नारिंगी, आत तारेची वीण असलेली, आयएसआय छाप आणि तारीख असलेली. पाच वर्षांनी बदला, चांगली दिसत असली तरी. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी पेटवून नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

टाकी घेताना वजन करून घ्या. गळ्याभोवतीच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं, बहुधा १५-१६ किलोच्या आसपास. त्यात १४.२ मिळवा, काट्यावर तेवढं दिसलं पाहिजे. पोचवणाऱ्याने काटा आणणं अपेक्षित आहे. मागितला की लाजत लाजत निघतो.

---

म्हापसेकर

हा सगळा हिशेब आमच्याकडे गोव्यात उलटा होतो, हे लिहायला हवं. गोव्यात घरगुती विजेचे दर महाराष्ट्राच्या मानाने बरेच कमी आहेत. टाकी जवळपास त्याच भावाने. त्यामुळे गोव्यात इंडक्शन खरोखर परवडतं. "अमक्याकडे स्वस्त पडलं" ऐकून ठाण्यातल्या माणसाने घेतलं तर फसेल. सूत्र तेच: टाकीची किंमत भागिले १२७, आणि शेजारी आपल्या शेवटच्या युनिटचा दर.

---

फ्यूजवायर

इंडक्शन घ्यायचंच असेल तर वायरिंगचं बोलतो, कारण पुढे जळालेलं सॉकेट बघायला आम्हालाच बोलावतात.

२००० वॅटचं इंडक्शन पावणेनऊ अँपिअर ओढतं. ओट्यावरचं मिक्सरचं सॉकेट ६ अँपिअरचं. पहिले काही दिवस चालतं, मग आतली पत्ती तापून सैल होते, सैल झाल्यामुळे आणखी तापते आणि एक दिवस प्लग वितळून चिकटतो. १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या. कन्व्हर्टर प्लग लावून १६ चा प्लग ६ मध्ये घालणं म्हणजे आगीला आवतण.

भांडं: तळाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेली आणि तळाला तांबं लावलेली बरीचशी स्टीलची भांडी चालत नाहीत. "कुठलंही भांडं चालतं" म्हणून विकतात त्या इन्फ्रारेड शेगड्या. त्यात आधी काच तापते, मग भांडं. वरचा ८५ टक्क्यांचा हिशेब त्यांना लागू नाही.

आता बचतीचं. हिशेबनीसांचं सूत्र उलटं फिरवा: शेवटचा युनिट १३.२९ चा असेल तर वाचवलेला प्रत्येक युनिटही १३.२९ चाच. म्हणून आधी पंखे. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) पूर्ण वेगात ३० च्या आसपास. रोज बारा तास, तीस दिवस: २७ युनिट विरुद्ध ११. एका पंख्यामागे १६ युनिट, म्हणजे महिन्याला २१२ रुपये. जो पंखा जास्त तास फिरतो तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही मिळत नाही.

बसवताना होणारी चूक: जुना रेग्युलेटर मधेच ठेवतात. या पंख्याला वेग त्याच्या आतल्या सर्किटने द्यायचा असतो. मधला रेग्युलेटर व्होल्टेज कापतो आणि सर्किट मरतं. रेग्युलेटर काढून तारा थेट जोडून घ्या. आणि व्होल्टेजच्या झटक्याने जे जातं ते हेच सर्किट, मोटर नाही. घेताना फक्त सर्किट बदलून मिळतं का ते विचारा.

उलट दिशेचा सल्ला: खोलीत दगडाएवढा, तापणारा जुना रेग्युलेटर असेल तर तो पंख्याचा वेग कमी करताना उरलेली वीज उष्णतेत उडवतो. पंखा बदलायचा नसला तरी हा बदलून इलेक्ट्रॉनिक लावा.

---

घंगाळ

स्वयंपाकावर एवढी चर्चा आणि आंघोळीच्या पाण्यावर काहीच नाही! पाण्यालाही बरीच ऊर्जा जाते.

२० लिटरची बादली, नळाचं पाणी २४ अंश, हवं ४० अंश. १६ गुणिले २० म्हणजे ३२० किलोकॅलरी. त्याला:

विजेचा गिझर: ०.३९ युनिट. १३.२९ ने ५ रुपये १८ पैसे, ६.८२ ने २ रुपये ६६ पैसे.
गॅस गिझर: ३६ ग्रॅम गॅस, किलोला ६० रुपयांनी २ रुपये १५ पैसे.
शेगडीवर पातेलं: ५३ ग्रॅम, ३ रुपये २० पैसे.

चार माणसं आणि महिना धरा, म्हणजे १२० बादल्या. विजेवर ६२२, गॅस गिझरवर २५८. इन्स्टंट गिझर कमी वीज खातो हा गैरसमज. लिटरमागे वीज तेवढीच, फक्त साठवणीतली गळती वाचते. साठवणीचा जुना गिझर चोवीस तास चालू ठेवला तर पाणी न वापरताही रोज अर्धा ते एक युनिट नुसता गरम राहायला खातो. आंघोळीआधी वीस मिनिटं लावा, एकामागोमाग एक आंघोळी उरका, बंद करा. थर्मोस्टॅट ५० वर ठेवा. ७० ला ठेवून गार पाणी मिसळण्यात क्षारही जास्त धरतात.

क्षार हा बोअरच्या पाण्याचा शाप. कॉइलवर पांढरी साल बसली की उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो, कॉइल आतून तापून तुटते. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. कठीण पाण्यात दर दोन वर्षांनी काढून बघा. पेन्सिलीएवढी उरली असेल तर बदला. ही न बदलल्यामुळे टाक्या गळतात आणि अख्खा गिझर भंगारात जातो.

गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. स्वस्त आहे हे वरच्याच आकड्यांनी दिसतं, पण बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत झोंबत नाही. माणूस गुंगी येऊन पडतो, आतून कडी लावलेली असते. गिझर आणि टाकी दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेत, फक्त गरम पाण्याचा पाइप आत. बाल्कनी काचा लावून बंद केली असेल तर ती बाहेर नव्हे.

आणि हो, कोल्हापूर-सांगलीकडे अजून अंगणात तांब्याचा बंब आहे त्यांनी तो मोडीत काढू नये. करवंट्या, तुराट्या, वाळकी फांदी, काहीही चालतं. मधल्या नळकांड्यातली काजळी आठवड्याला काढली नाही तर दुप्पट लाकूड लागतं, एवढंच. पण तो अंगणातच. फ्लॅटच्या बाल्कनीत पेटवायचे प्रयोग नकोत.

---

शंकासुर

गॅस गिझरला घरगुती टाकी वापरली तर टाक्या लवकर संपणार. वर्षाला किती टाक्या घेता येतात याला मर्यादा असते ना?

---

ओटा

घंगाळ यांच्या आकड्यांवरून १२० बादल्यांना ४.३ किलो, म्हणजे टाकीचा तिसरा हिस्सा. वर्षाला चारच्या आत. आठ टाक्यांत स्वयंपाक होत असेल तर सगळं मिळून बाराच्या आत बसतं. मर्यादा किती ते वितरकाला विचारा.

उज्ज्वलाची जोडणी असेल तर २०२५-२६ मध्ये टाकीमागे ३०० रुपये खात्यात येत होते, आणि राज्याची अन्नपूर्णा योजना २०२४ पासून पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत देते. जोडणी बाईंच्या नावावर असणं तिथे महत्त्वाचं. घरोघरी जोडणी पुरुषाच्या नावावर असते आणि तिथेच गाडं अडतं. नाव बदलून घेता येतं, वितरकाकडे दोघांची कागदपत्रं द्यावी लागतात.

आणि कुकरकडे या आता. शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणं ही आपली राष्ट्रीय सवय. शिट्टी म्हणजे वाफ बाहेर टाकणं, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. पहिली शिट्टी झाली की आत जे तापमान आलंय ते मोठ्या आचेने वाढत नाही. आच बारीक करा, वजन नुसतं फुसफुसत राहील एवढी. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर अशी सात-आठ मिनिटं पुरे. हरभरा, राजमा रात्रभर भिजलेलाच हवा. न भिजवता चाळीस मिनिटं शिजवणं म्हणजे गॅसने पाणी मुरवणं.

पहिली शिट्टी यायला उशीर होतोय आणि झाकणाच्या कडेने वाफ येतेय, तर रिंग कडक झालीय. नवीन घाला. तळाशी दोन वाट्या पाणी पुरतं, डब्याच्या निम्म्यापर्यंत भरू नका, ते पाणी तापवायचेही पैसे पडतात. वरण, भात, बटाटे एकाच वेळी लावा.

गॅस बंद केल्यावर कुकर जाड गोधडीत गुंडाळून ठेवला तर उरलेलं शिजणं आपोआप होतं, डाळींना आणि उसळींना उत्तम. भाताला मात्र दीड-दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. कोमट भातात जिवाणू वाढतात आणि पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही.

---

गोठा

ज्यांच्या दारात जनावरं आहेत त्यांनी टाकीच्या भावाची चर्चा करणं म्हणजे काखेत कळसा. गोबरगॅसचे आकडे लिहितो.

दोन घनमीटरचा दीनबंधू संच: रोज ५० किलो शेण, म्हणजे तीन-चार मोठी जनावरं गोठ्यात बांधलेली. दिवसभर चरायला सोडलेल्या जनावराचं निम्मं शेण रानातच पडतं, ते धरू नका. शेण आणि पाणी समप्रमाणात, गुठळ्या आणि काड्या काढून काला करायचा. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस. दोन घनमीटर रोज, महिन्याला २६ किलो, पावणेदोन टाक्यांच्या जवळपास.

बंद का पडतात? संच वाईट असतो म्हणून क्वचितच.

पहिली भरणी अर्धवट करतात. दोनेक टन शेण एकदम लागतं. ते शेजाऱ्यांकडून गोळा करावं लागतं. थोडं थोडं भरलं तर आंबून बसतं आणि गॅस पेटत नाही.

सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. तो सोडून द्यायचा. दोन-तीनदा सोडल्यावर पेटायला लागतो. लोक पहिल्याच दिवशी निराश होतात.

ज्योत उड्या मारते, विझते: पाइपात पाणी साचलंय. पाइपाला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. संच बसवणारे ही तोटी हमखास विसरतात.

थंडीत गॅस घटतो. काला करायला गार पाण्याऐवजी उन्हात ठेवलेलं पाणी घ्या. गोठा धुतलेलं फिनाइलचं पाणी आत गेलं की जिवाणू मेले, महिना गेला. शेगडीही गोबरगॅसचीच हवी, तिचं जेट मोठं असतं. सिलिंडरच्या शेगडीवर ज्योत नुसती मिणमिणते.

गावात जनावरं नसतील तर पुण्याच्या 'आरती' संस्थेचं, डॉ. आनंद कर्वे यांचं खरकट्यावर चालणारं संयंत्र आहे. त्याला २००६ मध्ये ॲशडेन हा ऊर्जाक्षेत्रातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. शिळी पोळी, भात, पीठ यांवर उत्तम चालतं. लिंबाच्या साली, कांद्याची सालं आणि एकदम खूप अन्न घातलं तर आत आंबट होऊन थांबतं. मग चार-पाच दिवस खरकटं घालू नका, फक्त थोडा शेणकाला घाला, परत लागतं.

---

गच्ची

इंडक्शनचा मुद्दा अर्धवट राहिलाय. छतावर सौर पॅनेल असतील तर गणित वेगळं, पण तिथेही शेवटच्या युनिटचाच नियम.

एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार, महिन्याला १२० युनिट देतं. साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजारांवर अनुदान थांबतं.

२८० युनिटच्या घराला किती घ्यावं?

पहिला किलोवॅट: १२० युनिट, सगळे १३.२९ चे. महिन्याला १५९५ वाचले.
दुसरा: ६० युनिट १३.२९ चे, ६० युनिट ६.८२ चे. १२०६ वाचले.
तिसरा: उरलेले ४० युनिट ६.८२ चे, म्हणजे २७३. बाकी ८० युनिट शिल्लक.

ती शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्याचे किरकोळ दराने पैसे होतात. विकणारा मात्र तीनच किलोवॅट गळ्यात मारतो, कारण अनुदानाची जाहिरात ७८ हजारांची आहे. दोन घ्या. तिसरा घ्यायचाच तर त्या ८० युनिटवर इंडक्शन चालवा. ८० भागिले १२७, म्हणजे टाकीचे ६३ टक्के, ५३७ रुपये. महाराष्ट्रात इंडक्शनला अर्थ येतो तो इथे.

वीज गेली की सौरही बंद पडतं, हे घेतल्यानंतर कळून लोक चिडतात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. बॅटरीसह हवं असेल तर आधीच तसा संच मागा.

पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन पडतं. डिसेंबरात सूर्य खाली असतो, सावली लांब पडते. त्यामुळे मे महिन्यात जागा पाहून ठरवू नका. पॅनेल पंधरा दिवसांनी सकाळी गार असताना साध्या पाण्याने धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. स्थिर आकार भरावाच लागतो, शून्य बिल येत नाही.

---

हिशेबनीस

तिसऱ्या किलोवॅटचा मुद्दा आवडला, मूळ लेखात हवा होता.

ज्यांचा मीटर बदलून टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) झालाय त्यांच्यासाठी: जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री त्या वेळात ढकला. गिझर ढकलून काय मिळणार, आंघोळ दुपारी करत नाही कोणी. महिन्याला ६० युनिट सरकवले तर ४८ रुपये. चहाचे पैसे सुटतात, त्याहून जास्त आशा नको.

---

शंकासुर

पाइप गॅसवाल्यांचा हिशेब कसा? आणि शेवटचं, कुठलं उपकरण किती खातं हे मीटरवरून कळतं का? मेन स्विच बंद केला तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहतो, ते काय?

---

ओटा

पाइप गॅस घनमीटरवर मोजतात. एका टाकीएवढी उष्णता साधारण १८ घनमीटरमध्ये. तुमचा घनमीटरचा दर गुणिले १८ आणि टाकीची किंमत शेजारी मांडा. जोडणी बदलताना शेगडीची जेटं बदलतातच, पाइप गॅसचा दाब कमी असतो. पुढे घर बदलून परत सिलिंडरवर आलात तर जेटं परत बदला. पाइप गॅसची मोठी जेटं सिलिंडरवर ठेवली तर हातभर पिवळ्या ज्वाळा निघतात.

---

फ्यूजवायर

मीटरवर "३२०० इम्प" असा आकडा छापलेला असतो. एक युनिट झाला की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. तुमच्या मीटरवर १६०० किंवा ६४०० असेल तर तो घ्या. सूत्र: मिनिटातल्या लुकलुकी गुणिले ६०,००० भागिले तो आकडा, बरोबर वॅट. सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा, मिनिटात आठ लुकलुकी आल्या तर १५० वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबतो-चालतो, म्हणून तासभराचं रीडिंग घ्या. हीच चाचणी सेट-टॉप बॉक्सवर करा. रिमोटने बंद केलेला बॉक्स १० वॅट ओढत असेल तर महिन्याला ७ युनिट गेले. बोर्डावरून बंद करायची सवय लावा. इन्व्हर्टरची बॅटरी पाच वर्षांची झाली, तर भरलेली असूनही ती सतत करंट ओढत राहते, तीही मोजा.

मेन बंद असून लुकलुकतोय, याच्या तीन शक्यता. आधी नीट बघा की तो युनिटचाच दिवा आहे. मीटरवर "अर्थ" किंवा "उलट" असे वेगळे दिवेही असतात, ते स्थिर जळतात. युनिटचाच असेल तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधून कोणीतरी लाइन घेतलीय. जुन्या चाळींत जिन्याचा दिवा किंवा पंप असा जोडलेला सापडतो. तिसरं, मेन स्विच एकाच तारेचा असेल आणि न्यूट्रल दुसऱ्या घराच्या न्यूट्रलला जुळलेला असेल, तर शेजाऱ्याचा करंट तुमच्या मीटरमधून परततो. दोन्ही तारा एकदम तोडणारा मेन टाकून परत बघा. थांबला तर दोष वायरिंगमध्ये. तरीही चालूच राहिला, आणि मीटरच्या खालून निघणाऱ्या तारेला दुसरं काही जोडलेलं नसेल, तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. मीटरचं सील स्वतः हात लावून सैल करू नका, वीजचोरीचा गुन्हा तिथूनच सुरू होतो.